बाशिंग आणि बांडगूळ

(हंगामाच्या उपासनेनंतर भरलेल्या पुरस्कर्त्यांच्या सभेत आपल्या डोंगरवाडीच्या दवाखान्यातील परिचारिकेने केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



आज सकाळी आपण हंगामाची उपासना केली. भाताच्या लोंब्या, भोपळे, केळीचे घड, नारळ असं सगळं वेदीपुढे आणून ठेवलं. मीही पिशवीत एक वस्तू घेऊन आले होते. पण त्या ताज्या फळांच्या शेजारी ती ठेवायचा मला धीर झाला नाही. आता दाखवते. मागच्या बाकांवर बसलेल्यांना दिसावी म्हणून उंच धरते. हे एक वाळलेलं पान आहे. तपकिरी, पापडासारखं कडक, साधारण वीतभर लांब आणि कडेनं कातरल्यासारखं. आमच्या वसतिगृहातल्या एका मुलीनं मी इकडे यायला निघाले तेव्हा हे माझ्या हातात दिलं. "तुमच्या मंडळीला हे दाखवा," म्हणाली. तिनं ते झाडावरून ओढून काढलेलं नाही, खाली पडलेलं उचललं आहे. हे मुद्दाम सांगते, कारण या पानाच्या बाबतीत एकदा माझ्या हातून मोठी चूक झालेली आहे. आज मी त्या चुकीविषयीच बोलणार आहे.

हे बाशिंगाचं पान. बाशिंग म्हणजे एक नेचा. कोकणात आणि घाटात जुन्या आंब्यावर, ऐनावर किंवा ओलसर सावलीतल्या कातळावर आपण तो पाहिला असेल, फक्त नाव माहीत नसेल. नवरदेवाच्या कपाळाला बाशिंग बांधतात, तशी याची पानं झाडाच्या खोडाला बांधल्यासारखी उभी दिसतात, म्हणून हे नाव. वाडीतली मुलं त्याला वांदरबाशिंग म्हणतात, म्हणजे वानराच्या लग्नातलं बाशिंग! वैद्य त्याला अश्वकात्री म्हणतात. शास्त्रीय नाव आहे ड्रायनारिया क्वर्सिफोलिया. लिनियस या शास्त्रज्ञानं १७५३ मध्ये त्याची नोंद केली, तेव्हा त्याला या पानांत आपल्या देशातल्या ओक वृक्षाच्या पानांचा आकार दिसला. त्याच्या देशात ओक होता, आपल्या देशात लग्न होतं. ज्याला जे ओळखीचं, त्यावरून त्यानं नाव दिलं.

या झाडाला फूल येत नाही आणि बीही धरत नाही. हिरव्या पानाच्या पाठीमागे तपकिरी ठिपके असतात. त्यांतून धुळीसारखे बारीक बीजाणू वाऱ्यावर जातात आणि ओलावा मिळाला तर तिथे नवं रोप उभं राहतं. पण खरी नवलाची गोष्ट वेगळीच आहे. बाशिंगाला दोन प्रकारची पानं येतात. एक लांब, हिरवी, देठाची. ती पावसात फुटतात, ऊन खाऊन अन्न तयार करतात आणि पाऊस सरला की वाळून जातात. दुसरी ही, माझ्या हातातल्यासारखी. ती आखूड असतात, त्यांना देठ नसतो आणि ती खोडाला टेकून ओंजळीसारखी उभी राहतात. कोवळी असताना ही पानं हिरवी असतात, मग लवकरच तपकिरी होतात. तपकिरी झाली तरी ती पडत नाहीत. वर्षानुवर्षं जागेवर राहतात. वरून पडलेला पालापाचोळा, सालीचे तुकडे, पाखरांची विष्ठा, वाऱ्यानं आलेली धूळ, हे सगळं त्या ओंजळीत साठतं आणि कुजतं. जिथे मूठभर माती नव्हती, तिथे त्या ओंजळीत माती तयार होते. बाशिंगाची मुळं त्याच मातीत वाढतात. मुंग्या, गोगलगायी, गोमही तिथे राहायला येतात. म्हणजे आपण ज्याला मेलेलं पान समजतो, तेच सगळ्यांत जास्त काम करत असतं.

हे सगळं मला नंतर समजलं. आधी काय घडलं ते सांगते.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी रायगड जिल्ह्यात, डोंगराच्या पायथ्याशी आपल्या छोट्या दवाखान्यात रुजू होऊन वर्षच झालं होतं. आमच्या आजूबाजूच्या वाड्या बहुतेक कातकऱ्यांच्या. खैरापासून कात करायचा हा त्यांचा जुना धंदा, त्यावरूनच त्यांचं नाव पडलं. तो धंदा कधीच गेला. आज महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास आदिवासी जमातींत कातकरी मोडतात. दुसऱ्या दोन म्हणजे कोलाम आणि माडिया गोंड. बहुतेकांच्या नावावर जमीन नाही. पावसात दुसऱ्याच्या शेतावर लावणी-कापणी करायची, आणि दिवाळी झाली की उचल घेऊन वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जायचं, असं त्यांचं वर्ष असतं. उचल म्हणजे आधी घेतलेले पैसे. ते फिटेपर्यंत काम सोडता येत नाही. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ सालचा आहे, पण अंगावर घेतलेले पैसे माणसाला आजही बांधून ठेवतात.

दवाखान्याच्या दारात एक जुना आंबा आहे. भाद्रपदात त्याच्या फांद्या बाशिंगानं भरून गेल्या होत्या. मला वाटलं, हे बांडगूळ आहे आणि झाडाला खाणार. मी एका गड्याला कोयता घेऊन वर चढवलं आणि सगळं खरवडून काढायला लावलं. खाली हिरव्या पानांचा आणि केसाळ गड्ड्यांचा ढीग पडला. त्या दिवशी तपासून घ्यायला आलेली एक कातकरी आजी पायरीवर बसून हे बघत होती. थोड्या वेळानं ती म्हणाली, "बाय, ते झाडाला खात नाय. ते नुसतं बसलंय." तिकडे सगळ्यांना एकेरीच बोलतात, त्यात अनादर नसतो. पण मी नवी होते, मला ते लागलं. मी म्हटलं, "आजी, तुला काय कळतं त्यातलं?"

आजीचंच बरोबर होतं. आंब्यावर खरं बांडगूळही येतं. त्याची मुळं फांदीच्या आत शिरतात आणि झाडाचं पाणी ओढून घेतात. अशी फांदी वाळतेसुद्धा. शेतकरी ते काढतो, ते योग्यच आहे. बाशिंग तसं करत नाही. त्याची मुळं सालीला धरून राहतात, सालीच्या आत जात नाहीत. झाडाकडून त्याला फक्त टेकायला जागा हवी असते. त्याचा पुरावा म्हणजे तेच बाशिंग उघड्या कातळावरही वाढतं. कातळातून कोण कोणाचा रस पिणार? पण मी बांडगूळ आणि बाशिंग यांत फरक केला नाही. दुसऱ्याच्या अंगावर वाढलेलं दिसलं, एवढ्यावर मी निवाडा दिला.

त्या दिवशी मी आणखी एक निवाडा दिला, आणि तो मला जास्त महागात पडला. आजी खोकल्यासाठी आली होती. किती दिवस खोकतेस, विचारलं तर "पावसाच्या आधीपासून" म्हणाली. काय घेतेस, विचारलं तर तिनं पदराची गाठ सोडून तोच केसाळ गड्डा दाखवला. "हा उकळून पिते." मी वैतागले. तिच्या हातातला गड्डा घेऊन बाहेरच्या ढिगात टाकला आणि तिला बरंच काही ऐकवलं. असल्या जंगली मुळ्या खाऊनच तुम्ही आजारी पडता, असं म्हणाले. मग बेडक्याची तपासणी करायची म्हणून तालुक्याच्या दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली. तिनं चिठ्ठी घेतली, गाठीत बांधली आणि गेली. ती तालुक्याला गेली नाही आणि आमच्याकडेही परत आली नाही. दिवाळीनंतर मुलगा, सून आणि नात यांच्याबरोबर ती कल्याण-भिवंडीकडे वीटभट्टीवर गेली.

बंधू-भगिनींनो, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर बेडका तपासायचा, हे मला पाठ होतं. माझी चिठ्ठी बरोबर होती. पण जिच्या हातातली वस्तू मी फेकून दिली, तिनं माझ्या हातचा कागद का मानावा?

मे महिन्याच्या शेवटी माणसं वाडीत परतली. आजीला तिच्या मुलानं पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. अंगावर मांस उरलं नव्हतं. बेडक्यातून रक्त येत होतं. तपासणीत क्षयरोग निघाला. बरोबर आठ वर्षांची नात होती, तिच्या मानेत गाठी आल्या होत्या. तिचीही तपासणी केली, तिलाही क्षयच निघाला. एका झोपडीत, एका गोधडीखाली आजी आणि नात झोपत होत्या. भाद्रपद ते ज्येष्ठ, नऊ महिने.

दोघींचं औषध सुरू झालं. क्षयाचं औषध सरकारकडून फुकट मिळतं आणि साध्या क्षयाला ते सहा महिने न चुकता घ्यावं लागतं. मी रोज संध्याकाळी वाडीत जाऊन दोघींना गोळ्या देत असे. खरं सांगायचं तर ते माझं प्रायश्चित्त होतं. पहिल्या आठवड्यात आजी माझ्याशी बोललीच नाही. गोळी घ्यायची, पाणी प्यायची, भिंतीकडे तोंड करायची. आठवड्यानंतर एके दिवशी मी तिला म्हटलं, "आजी, मी तुझं औषध फेकलं, ते चुकलं माझं." ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला माहीत व्हतं, खोकला मोठा हाय. पन तू बोललीस, मंग कुटं जाऊ?"

त्यानंतर ती बोलू लागली. त्या पावसात तिनं मला जे शिकवलं ते कुठल्या प्रशिक्षणात मिळालं नसतं. दम असेल त्या दिवशी ती दारात बसायची आणि समोरच्या कातळावरचं बाशिंग दाखवायची. हिरवी पानं नुकती फुटली होती, त्यांच्या बुडाशी ही तपकिरी पानं उभी होती. ती म्हणाली, "वरनं पडलं ते धरलं. कोनाचं हिसकलं नाय." गड्डा कधी काढायचा, कसा काढायचा, हेही तिनं सांगितलं. अख्खा गड्डा ओढायचा नाही. मागचा तुकडा घ्यायचा आणि पुढचा शेंडा ठेवायचा, म्हणजे तो पुन्हा चालतो. बाशिंगाचा गड्डा खरोखरच शेंड्याकडून पुढे वाढत जातो, त्यामुळे तिचा नियम शास्त्राला धरून होता.

आणि ती तो गड्डा अंधश्रद्धेनं घेत नव्हती. औषधी वनस्पतींच्या जुन्या ग्रंथांत या गड्ड्याची नोंद जुना ताप, खोकला आणि अपचन यांवर केलेली आहे. तामिळनाडूत कोल्ली डोंगरात जाल तर हाच गड्डा बाजारात मांडलेला दिसेल. सांधेदुखीवर त्याचं सूप करून पितात. त्याच्या अर्कावर प्रयोगशाळांत तपासण्या झाल्या आहेत आणि काही जंतूंवर त्याचा परिणामही दिसला आहे. पण क्षयरोग त्यानं बरा होतो असं सिद्ध झालेलं नाही. क्षयाला गोळ्याच लागतात, त्याही पूर्ण मुदतीच्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्या भाद्रपदात मी दोन्ही सांगितल्या असत्या, तर आजी तालुक्याला गेली असती असं मला वाटतं.

आपल्यासारख्या मिशनच्या माणसांनी हे नव्यानं शिकायचं, याची मला लाज वाटते. साडेतीनशे वर्षांपूर्वी केरळात डच अधिकारी हेंड्रिक व्हान रीड यानं मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' नावाचा ग्रंथ तयार करवला. १६७८ ते १६९३ या काळात आम्सटरडॅमला त्याचे बारा खंड छापले गेले, आणि त्यांत हा आपला नेचाही आहे. त्या कामात मॅथ्यू नावाचे एक कार्मेलाइट मिशनरी होते. रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्य होते. त्यांचं देवनागरी लिपीतलं पत्र पहिल्या खंडात छापलेलं आहे. आणि इट्टी अच्युतन नावाचे वैद्य होते, ज्यांची जात तेव्हा खालची मानली जाई. त्यांनी दिलेली माहिती त्यांच्या नावानिशी ग्रंथात आली. म्हणजे त्या काळीही कोणीतरी बसून विचारत होतं, ऐकत होतं, लिहून घेत होतं. मी मात्र गड्डा ढिगावर टाकला होता.

आजी वाचली नाही. चार महिने तिनं एकही गोळी चुकवली नाही, पण तिची फुप्फुसं आधीच खराब झाली होती. कार्तिकात ती गेली. आम्ही वेळेवर पोहोचलो आणि प्रभूनं बरं केलं, अशी साक्ष मी तुम्हांला देऊ शकत नाही. ज्या नऊ महिन्यांत ती वाचू शकली असती, ते नऊ महिने माझ्या शब्दांमुळे गेले. प्रभूनं मला क्षमा केली आहे असा माझा विश्वास आहे. पण क्षमा मिळाली म्हणून हिशेब विसरायचा नसतो.

नात बरी झाली. सहा महिन्यांत तिच्या गाठी विरल्या. आज ती आपल्या वसतिगृहात बारावीला आहे. हे पान तिनंच पाठवलं आहे.

आता मला आपल्याविषयी थोडं बोलायचं आहे. रागावू नका.

बांडगूळ हा शब्द आपण झाडांपुरताच वापरत नाही. "यांना किती दिवस पोसायचं?" हे मी शहरातल्या मंडळ्यांमध्ये ऐकलं आहे. "फुकटचं खायची सवय लागली आहे," हेही ऐकलं आहे. दुसऱ्यांना कशाला नावं ठेवू? पहिल्या वर्षी मीही घरी लिहिलेल्या पत्रात असंच काहीतरी लिहिलं होतं. पण हिशेब करून पाहा. आपण ज्या इमारतीत बसलो आहोत, तिच्या विटा कुठून येतात? नवराबायको पहाटे अंधारात उठून चिखल तुडवतात, वीट थापतात, आणि त्यांचं पोर बाजूला राखेत खेळत असतं. पावसात आपल्या पोटात जाणाऱ्या भाताची लावणी तेच करतात. कोण कोणाचा रस पितं, हे आपण जरा जपून बोलायला हवं. कातकरी समाज फार थोड्या जागेवर धरून राहिला आहे. वरून जे पडेल ते साठवून, मूठमूठ माती करून तो जगतो.

हे बोलताना मला रूथची गोष्ट आठवते. आपल्याला ती पाठ आहे. परक्या देशातून आलेली विधवा सून आपल्या सासूला जगवण्यासाठी दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचायला जाते. सरवा हा शब्द आमच्या वाडीत आजही रोजचा आहे. कापणी झाली की खाली पडलेल्या लोंब्या बायका आणि मुलं वेचतात, तोच सरवा. नियमशास्त्रात तो गरिबाचा आणि परक्याचा हक्क म्हणून सांगितला आहे. शेताच्या मालकानं मेहेरबानी म्हणून द्यायची ती वस्तू नव्हती. आणि बवाज काय करतो ते नीट वाचा. तो आपल्या गड्यांना सांगतो की तिच्यासाठी पेंढ्यांतून थोडं मुद्दाम खाली पडू द्या, आणि तिला लाज वाटेल असं काही बोलू नका. ही दुसरी सूचना आपण नेहमी विसरतो. लोंब्या सोडणं त्यामानानं सोपं आहे. न बोलणं अवघड आहे. मी चिठ्ठी दिली होती, औषध दिलं असतं, पण मी लाजवलं. त्या लाजेनं एक माणूस गेलं.

म्हणून आमच्या दवाखान्यात आम्ही काही गोष्टी बदलल्या. कोणी आजारी माणूस आलं की आम्ही पहिलं विचारतो, "घरी काय घेतलंस? कोणी दिलं?" जे सांगतील ते लिहून घेतो. धोक्याचं असेल तर बंद करायला सांगतो. नसेल तर म्हणतो, हे चालू दे, पण बेडकाही तपासू. बेडक्याची डबी आम्हीच तालुक्याला पोहोचवतो, कारण एक दिवसाची मजुरी बुडवून कोणी जात नाही. वाडीतल्या औषध देणाऱ्या बायका आणि भगत यांच्याबरोबर आम्ही बसतो. आता त्यांच्यापैकी काही जण स्वतःच माणसं पाठवतात: "हा खोकला माझा नाय, तुझा हाय." हे वाक्य मला कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा मोठं वाटतं.

दुसरी अडचण भट्टीची. औषध चालू असताना माणूस दिवाळीनंतर निघून गेला, की गोळ्या तुटतात. सरकारी क्षयरोग कार्यक्रमात रुग्णाची नोंद दुसऱ्या ठिकाणी पाठवता येते. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा पैसे मिळतात. २०१८ मध्ये ते ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. पण त्यासाठी बँकेचं खातं लागतं, आधार लागतं, आणि कोणीतरी पाठपुरावा करावा लागतो. आमचे दोन कार्यकर्ते हिवाळ्यात भट्ट्या हिंडतात, माणूस शोधतात, तिथल्या सरकारी दवाखान्याशी त्याची गाठ घालून देतात. त्यांचा खर्च म्हणजे बसचं भाडं आणि फोन. यात फोटो काढण्यासारखं काही नसतं, म्हणून त्यासाठी देणग्याही कमी येतात. आज मी त्यासाठी मागते आहे.

तिसरी गोष्ट मुलांची. आईबाप भट्टीवर गेले की मूल शाळेतून जातं. आजीआजोबा वाडीत असले, किंवा हंगामापुरती राहायची-जेवायची सोय झाली, तर ते मूल मागे राहू शकतं. आपलं वसतिगृह तेच करतं. तिथे मुलांना कोणाचा रस नको असतो, टेकायला जागा हवी असते. अभ्यास ती स्वतः करतात.

चौथी गोष्ट, जुने कपडे पाठवताना फाटके पाठवू नका. आणि वाडीत पाहुणे म्हणून याल तेव्हा हात पसरलेल्या मुलांचे फोटो काढू नका. पूर्वी आपल्या या पत्रिकेतही तसे फोटो आम्ही छापले आहेत. आता ती मुलं मोठी होऊन वाचायला शिकली आहेत. एकीनं स्वतःचा जुना फोटो कपाटात पाहिला आणि मला विचारलं, "सिस्टर, माझं नाव का नाही लिहिलं? नुसतं गरजू मूल का लिहिलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बाशिंगासाठीही एक शब्द बोलते. हा नेचा जुन्या झाडावर वाढतो. सालीला खडबडीतपणा यायला, फांदीच्या बेचक्यात ओल टिकायला झाडाचं वय व्हावं लागतं. एक जुना आंबा किंवा ऐन तोडला की त्यावरचं सगळं घर जातं, आणि नवं रोप लावून ते लगेच परत येत नाही. औषधासाठी पोत्यानं गड्डे ओढून नेणारेही असतात. ते शेंडा ठेवत नाहीत. २००६ च्या वनहक्क कायद्यानं जंगलात राहणाऱ्यांना गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क दिला आहे. ज्यांना शेंडा ठेवायचं माहीत आहे, त्यांच्या हाती हा हक्क असणं जंगलाच्याही भल्याचं आहे. आपल्यापैकी ज्यांच्या जागेत जुनी झाडं आहेत, त्यांनी बाशिंग दिसलं तर कोयता उचलण्याआधी एकदा जवळ जाऊन बघा. मुळं फांदीच्या आत गेली आहेत की नुसती सालीला धरून आहेत, एवढं पाहिलं तरी पुरे.

दवाखान्याच्या दारातल्या आंब्याचं काय झालं, हे कोणीतरी विचारणार म्हणून सांगून टाकते. माझा गडी कामाला कंटाळा करणारा होता, त्याबद्दल देवाचे आभार. एका उंच बेचक्यात त्यानं गड्ड्याचा एक तुकडा तसाच ठेवला होता. दुसऱ्या पावसात त्याला दोन पानं फुटली. आज निम्मी फांदी भरली आहे, आणि आंबाही दरवर्षी फळतो. सकाळी दवाखाना उघडण्याआधी मी तिकडे बघते. मेमध्ये ती सगळी ओंजळ वाळलेली, मेल्यासारखी दिसते. नव्यानं आलेली एक परिचारिका मला गेल्या उन्हाळ्यात म्हणालीही, "हे वाळकं काढून टाकायचं का?" मी तिला पायरीवर बसवलं आणि आजीची गोष्ट सांगितली.

पाळकसाहेबांची परवानगी असेल तर हे पान मी आता वेदीपुढे त्या फळांशेजारी ठेवते. त्या मुलीची तशी इच्छा होती.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वादित करो. सलाम.